२८ वर्षं उभी असलेली मोटो गुझी ८५० टी३ : आधी सुरू करून बघू की आधी उघडू?

ऋतुजा_व :

नमस्कार मंडळी,

बाबांची १९७६ची इटालियन मोटरसायकल, मोटो गुझी ८५० टी३, परवा गॅरेजच्या कोपऱ्यातून बाहेर ओढली. २८ वर्षं ती एकाच जागी मेन स्टँडवर उभी होती. थांबली तेव्हा तिच्यात काही बिघाड नव्हता. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग "पुढच्या वर्षी काढू" म्हणता म्हणता एवढी वर्षं गेली. आता गुडघे साथ देत नाहीत, पण गाडीचा विषय निघाला की ते अजूनही खुर्चीत सरसावून बसतात.

चादर काढल्यावर दिसलं ते असं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचं घरटं, सीटमधला स्पंज कुरतडून केलेलं. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा नाही, जुन्या व्हार्निशचा वास आला. टायरच्या भेगांत नख जातं. दोन्ही कार्ब (कार्बुरेटर) बाबांनी तेव्हाच काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत. एका पुडक्यावर पेनाने रोमन 'डी' लिहिलंय, दुसऱ्यावर 'एस'. इनलेटच्या तोंडात चिंध्या कोंबल्या होत्या, त्यातली एक गळून खाली पडलेली मिळाली.

प्रश्न दोन आहेत. "बॅटरी लाव, जरासं पेट्रोल टाक आणि बटण दाब, पेटली तर पेटली" असं सांगणारे बरेच भेटले. मला धीर होत नाही. आधी सुरू करून बघू की आधी उघडू?

दुसरा प्रश्न टाकीचा. रंग कंपनीचाच आहे, पण दोन्ही बाजूंना बाबांच्या गुडघ्यांनी घासून खालचा पत्रा दिसायला लागलाय. नवा रंग द्यावा का?

छोट्या गाड्यांची सर्व्हिस मी स्वतः करते. इंजिन एकदाच उघडलंय, तेही सिंगल सिलिंडर.

तेलकट_हात :

बटण दाबू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

टी३च्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला बिडाचा लायनर नाही, आतून कडक क्रोमचा थर आहे. जोवर तो धड आहे तोवर उत्तम, झीज अगदी कमी. पण ओल त्या थराच्या सूक्ष्म भेगांतून खालच्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचली की ॲल्युमिनियम फुगतं आणि क्रोमचा पापुद्रा सुटतो. अशा सिलिंडरमधे स्टार्टरने पिस्टन धाडधाड फिरवला तर रिंगा तो पापुद्रा खरवडून काढतात. ते तुकडे ब्लेडच्या पात्यासारखे असतात आणि जातात तेलात.

इंजिन थांबतं तेव्हा कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यात तुमची एक चिंधी गळून पडलीय. कुठल्या बाजूची?

ऋतुजा_व :

डाव्या.

तेलकट_हात :

मग डाव्या सिलिंडरचा मला संशय आहे.

दोन्ही प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. शाफ्टची गाडी आहे, चेन नाही; चाक फिरलं की क्रँक फिरतो आणि पिस्टन हलतो. सहज फिरेल तेवढंच फिरवा. अडलं तर तिथेच थांबा, पाय लावू नका, कुणाला जोर लावायला बोलावू नका.

यंत्रवेडा :

थोडा वेगळा अनुभव सांगतो. माझी लावेर्दा ७५० एसएफ २२ वर्षं बंद होती. प्लगच्या भोकातून तेल सोडलं, आठवडाभर थांबलो, हाताने फिरवली, नवीन तेल, नवीन बॅटरी, आणि सुरू केली. हेड आजतागायत उघडलेलं नाही. उघडलं की काम वाढतं. एक पॅकिंग बदलायला जावं तर चार बोल्टांचे आटे जातात, आणि मग सहा महिने गाडी खोक्यांत पडून राहते. चालू अवस्थेतली किती गाड्या लोकांनी "पूर्ण रिस्टोअर करतो" म्हणून उघडल्या आणि त्या कधीच परत जोडल्या गेल्या नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं मत: जेवढं गरजेचं तेवढंच उघडा.

तेलकट_हात :

यंत्रवेडा, खोक्यांतल्या गाड्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण तुमच्या लावेर्दाला बिडाचे लायनर आहेत. त्यांना गंज धरला तर होनिंग करून म्हणजे आतून घासून साफ करता येतं, बोअर वाढवून पुढच्या साइजचा पिस्टन घालता येतो. क्रोमच्या सिलिंडरला ती सोयच नाही. खराब झाला की बदलायचा, नाहीतर नव्याने मुलामा द्यायचा. म्हणून आधी बघून घ्यायचं.

यंत्रवेडा :

हे मान्य. क्रोमचं लक्षात घेतलं नव्हतं. तसं असेल तर हेड उघडाच.

पमा :

यंत्रवेडा, अवांतर प्रश्न: एसएफ म्हणजे काय हो?

यंत्रवेडा :

सुपर फ्रेनी. इटालियनमधे फ्रेनी म्हणजे ब्रेक. ब्रेगांझेच्या कारखान्याने स्वतःचा ड्रम ब्रेक बनवला आणि त्याचा त्यांना इतका अभिमान की थेट गाडीच्या नावातच घातला.

पमा :

गाडीचं नाव ब्रेकवरून! वेग सगळेच सांगतात, थांबण्याचं कौतुक करणारे हे पहिलेच. :)

ऋतुजा_व :

आज संध्याकाळी चाक फिरवून पाहिलं. थोडंसं सहज गेलं, मग अडलं. उलट फिरवलं तर परत तेवढंच. जोर लावला नाही. डाव्या प्लगच्या भोकातून टॉर्च मारून पाहिलं, पिस्टनच्या डोक्यावर पांढरट पूड दिसतेय.

तेलकट_हात :

पांढरी पूड म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. हेड आणि सिलिंडर काढायचेच आहेत, पण त्याआधी अडकलेला पिस्टन मोकळा व्हायला हवा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं मिसळा, प्लगच्या भोकातून ओता, रोज थोडं थोडं घालत राहा. दार-खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ठिणगी नको. मिश्रण लगेच वेगळं होतं, प्रत्येक वेळी हलवून ओतायचं. दहा-पंधरा दिवस द्या. रोज चाक अगदी थोडं पुढे, थोडं मागे. एके दिवशी ते आपणहून जाईल.

डेस्मोप्रेमी :

हे दहा-पंधरा दिवसच कठीण असतात. माझ्या डुकाटी ३५० सिंगलला पाच आठवडे लागले. रोज रात्री जाऊन चाकाला हात लावायचो, नाही म्हणजे नाही. छत्तिसाव्या दिवशी "टक्" असा बारीक आवाज झाला. घरातल्यांनाही ऐकू गेला असेल असं मला वाटलं, इतका तो माझ्या कानात बसला होता.

ऋतुजा, सिलिंडर काढलेच तर एक काम याच वेळी उरका. क्रँकपिन आतून पोकळ असतो, तेलातला गाळ फिरता फिरता तिथे जाऊन बसतो. तोंडाला प्लग असतो, तो काढून साफ करायचा. माझ्या डुकाटीत त्या पोकळीत काळी, मेणासारखी घट्ट वडी निघाली, तेलाला जायला पेन्सिलच्या शिशाएवढी वाट उरली होती. नवीन तेलातल्या डिटर्जंटने असा जुना गाळ एकदम सुटतो आणि थेट बेअरिंगमधे जातो. पुष्कळ जण गाडी सुरू झाली म्हणून खूश होतात आणि हजार किलोमीटरवर कनेक्टिंग रॉड ठोकायला लागतो, त्यामागचं हे एक कारण.

तेलकट_हात :

+१. गुझीच्या क्रँकलाही तशीच पोकळी आणि प्लग आहे. आणि टी३च्या बाबतीत एक बरी गोष्ट: आधीच्या ८५० टीला तेलासाठी नुसती जाळी होती, टी३पासून कागदी फिल्टर आला. फक्त तो संपच्या आत बसवलाय, तेलाचं पूर्ण पात्र उतरवल्याशिवाय दिसतच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं न बदललेले फिल्टर बऱ्याच गाड्यांत सापडतात. संप काढाल तेव्हा तळाचा गाळ फेकून देऊ नका. पांढऱ्या कपड्यावर पसरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड, न चिकटता चमकलं ते क्रोम नाहीतर बेअरिंगचा पांढरा धातू.

इतिहासजमा :

धाग्यात थोडी भर. हे इंजिन मुळात इटालियन लष्कराच्या तीन चाकी डोंगरी वाहनाचं, तेच पुढे मोटरसायकलला बसवलं. म्हणून तर इतकं दणकट आहे.

मांदेल्लोकर :

इतिहासजमा, ही गोष्ट खूप ठिकाणी वाचायला मिळते, पण ती बरोबर नाही. त्या तीन चाकी ३×३ वाहनाचं इंजिनही ९० अंशांचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे एकमेकांशी ९० अंशांत) होतं आणि तेही जुलिओ चेझारे कार्कानो यांच्याच हाताखाली झालं, त्यामुळे गल्लत होते. पण इंजिन वेगळं. मोटरसायकलचं व्ही७ हे इंजिन ७०३ सीसीचं, १९६५च्या शेवटी मिलानच्या प्रदर्शनात दाखवलं गेलं आणि १९६७पासून गाड्या बाहेर पडल्या. कार्कानो म्हणजे ज्यांनी त्याआधी ५०० सीसीचं आठ सिलिंडरचं रेसिंग इंजिन केलं ते.

ऋतुजाताईंच्या गाडीला जी चौकट आहे ती त्यांच्यानंतर आलेल्या लिनो तोंती यांची, १९७१च्या व्ही७ स्पोर्टपासूनची. तिच्या खालच्या दोन्ही नळ्या बोल्टने जोडलेल्या आहेत, सुट्या होतात. म्हणून इंजिन बाहेर काढायची वेळ आली तर इंजिन उचलायचंच नाही. इंजिन खाली टेकवून ठेवायचं, त्या नळ्या सोडवायच्या आणि चौकटच वरून उचलून घ्यायची. दोन माणसं पुरतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अक्षरशः टाळी वाजवली होती.

इतिहासजमा :

धन्यवाद, दुरुस्ती मान्य. गुझीच्या चिन्हातला पंखांचा गरुड तरी खरा ना? वैमानिक मित्राच्या आठवणीतला?

मांदेल्लोकर :

तो पूर्ण खरा. कार्लो गुझी, जॉर्जो पारोदी आणि जोव्हान्नी राव्हेल्ली या तिघांनी पहिल्या महायुद्धात मोटरसायकलचा बेत केला होता. राव्हेल्ली १९१९मधे विमान अपघातात गेले. १९२१मधे कंपनी उभी राहिली तेव्हा उरलेल्या दोघांनी त्यांच्यासाठी गरुड घेतला. कोमो सरोवराकाठी मांदेल्लो देल लारिओमधे कारखाना आजही त्याच जागी आहे.

रंगसंगती :

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाहीये म्हणून लिहिते. चौकट उचलणारच आहात तर सगळं उघडून सँडब्लास्ट करा, पावडर कोटिंग करा, टाकीला नवा रंग, नटबोल्टना नवीन झिंक. एकदाच काय ते होऊन जाईल. गाडी शोरूममधून निघाल्यासारखी दिसली पाहिजे, अर्धवट जुनी अर्धवट नवी बरी दिसत नाही. माझ्या गाडीचं मी असंच केलं आणि मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

मांदेल्लोकर :

रंगसंगती, तुमच्या गाडीबद्दल बोलत नाही, पण इथे मी विरोध करेन. गाडी मूळ स्थितीत एकदाच असते. कंपनीतल्या माणसाच्या हाताने ओढलेल्या रेघा परत ओढता येतील, पण त्या त्याच्या नसतील. आणि पावडर कोटिंगचा थर जाड असतो. चौकटीवरचे आकडे बुजतात, अर्थिंगच्या जागा झाकल्या जातात आणि मग दिवे का मिणमिणतात म्हणून महिनाभर वायरिंग शोधत बसावं लागतं. इटलीत ऐतिहासिक गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या एएसआयसारख्या संस्थाही गाडी मूळ रूपाशी किती जुळते तेच पाहतात.

रंगसंगती :

आकडे आणि अर्थिंगवर आधी टेप लावायची, एवढी काळजी घेतली की झालं. आणि गंज धरलेला पत्रा तसाच ठेवणं म्हणजे जपणूक नव्हे. टाकी आतून सडली तर बाहेरच्या रेघा कशाला चिकटून राहणार?

आटेपाना :

टाकी आतून हा वेगळा विषय आहे आणि तो महत्त्वाचा आहे. माझी पद्धत सांगतो.

जुनं पेट्रोल काढून टाका, वास जाईपर्यंत गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. मग सायट्रिक ॲसिडचं कोमट द्रावण काठोकाठ भरा. अर्धी भरून ठेवलीत तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. एक-दोन दिवस ठेवा, मधेमधे बघा. झाल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच हेअर ड्रायरने कोरडी करा आणि लगेच आत तेल फिरवा. तीनदा "लगेच" लिहिलंय ते मुद्दाम. स्वच्छ झालेला पत्रा ओला राहिला तर तासाभरात नारिंगी होतो. बाहेरच्या रंगावर ॲसिडचा थेंब पडू देऊ नका, तोंडाभोवती ग्रीसचा जाड थर लावा.

आतून कोटिंग मात्र शेवटचा उपाय. टाकीला भोक असेल तरच. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधे माझ्या एका टाकीतलं कोटिंग सालीसारखं सोलून निघालं आणि सगळं कार्बमधे जाऊन बसलं.

बाकी, बोल्ट काढायच्या आदल्या रात्री प्रत्येकाला तेल सोडून ठेवा. ॲल्युमिनियममधे अडकलेला स्टीलचा बोल्ट असेल तर पहिला झटका घट्ट करायच्या दिशेने द्या, अगदी किंचित, मग सोडवा. आणि काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी खोचून ठेवा. पिशव्यांवरचं लिखाण पुसतं, पुठ्ठ्यावरचं चित्र राहतं.

सायली_ज :

काय सुंदर धागा! वाचनखूण साठवली.

सुकाणू :

इंजिनाबद्दल सगळे लिहितायत, ब्रेकचं कुणीतरी लिहायला हवं. गाडी सुरू न झाल्याने कुणाला लागत नाही, न थांबल्याने लागतं.

टी३ला गुझीचा जोड-ब्रेक आहे. पायाने दाबलं की मागची डिस्क आणि पुढची डावी डिस्क एकत्र लागतात. हाताचा लिव्हर फक्त पुढच्या उजव्या डिस्कचा. नवीन माणूस सवयीने हात दाबतो आणि "ब्रेक कमजोर आहे" म्हणतो. खरा ब्रेक पायात आहे, आणि ज्याला सवय होते तो पुन्हा दुसऱ्या गाडीवर रमत नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. २८ वर्षांनंतर मास्टर सिलिंडरमधे तपकिरी साखरेसारखे खडे मिळतील. तिन्ही कॅलिपर उघडा, सगळे सील बदला, रबरी पाइप सगळे नवीन. जुना पाइप बाहेरून धड दिसतो आणि आतून सुजलेला असतो, ब्रेक लागतो पण सुटत नाही. पायाच्या ब्रेकची लाइन मागून पुढपर्यंत गेलेली, त्यामुळे हवा काढायला वेळ लागतो. कॅलिपर सोडवून ब्लीडिंगचं तोंड सगळ्यात वर येईल असं धरा. डिस्क बिडाच्या आहेत. वरवरचा गंज पॅडने निघतो, जाडी मात्र मोजा.

टायर बदला हे सांगायला नकोच. तारखेचा आकडा तीन अंकी असेल तर तो टायर २०००च्या आधीचा. ट्यूबसुद्धा नवीन.

ऋतुजा_व :

चार महिन्यांनी परत येतेय, सगळ्यांचे मनापासून आभार मानायला आणि मदत मागायला.

पिस्टन बाराव्या दिवशी सुटला. डेस्मोप्रेमी, तो "टक्" मीही ऐकला, आणि बाबांनी आतल्या खोलीतून विचारलं, "सुटलं का?"

डावा सिलिंडर गेलेला होता. वरच्या कडेपासून खाली दोन बोटं क्रोम फुगलं होतं, नखाने उचकटलं तर चकचकीत खवला हातात आला. बटण दाबलं असतं तर हा खवला आज कुठे असता, ते बघून पोटात गोळा आला. उजवा अगदी आरशासारखा. तरी दोन्ही बदलले. मांदेल्लोमधल्याच जिलार्दोनी कंपनीचे पिस्टन आणि निकासिलचे (क्रोमऐवजी आतून निकेलचा कडक थर दिलेले) सिलिंडर घेतले. क्रँकच्या पोकळीतून गाळाची वडी निघाली, अगदी वर्णन केल्यासारखी. संपमधल्या गाळात चुंबकाला काही लागलं नाही. मागच्या ड्राइव्हचं तेल शाईसारखं काळं होतं, पण दात सगळे धड. स्विंगआर्ममधल्या युनिव्हर्सल जॉइंटचा रबरी बूट फाटला होता, तो बदलला. टाकी आटेपानांच्या पद्धतीने केली, आत भोक नाही. ब्रेक पूर्ण झाले, हवा काढायला दोन रविवार गेले.

आता अडचण. प्लग काढून स्टार्टर फिरवला, तेलाचा दिवा विझला, म्हणजे प्रेशर आलं. प्लग लावले, बाहेरून छोटी टाकी जोडली आणि बटण दाबलं. गाडी पेटत नाही. दोनदा कार्बमधून उलटा फटका आला, एकदा सायलेन्सरमधून. ठिणगी दोन्हीकडे आहे, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन उत्तम. फ्लायव्हीलच्या खुणांवर पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे) तीनदा जुळवले. तीन दिवस झाले, हात टेकले. फोटो टाकतेय, डावीकडून एक, उजवीकडून एक.

यंत्रवेडा :

प्लगच्या वायरी अदलाबदल?

ऋतुजा_व :

तपासल्या. तरीही बदलून पाहिल्या, मग तर फटका आणखी मोठा आला.

आटेपाना :

कंडेन्सर जुनेच आहेत का? नवीन टाकून बघा.

मांदेल्लोकर :

थांबा, कंडेन्सर नको. फोटो मोठा करून पाहिला. कार्बचे हाताने फिरवायचे स्क्रू दोन्ही बाजूंना आतल्या अंगाला आलेत, ते बाहेर यायला हवेत. म्हणजे उजवा कार्ब डावीकडे बसलाय.

ऋतुजाताई, पुडक्यावरच्या 'डी'चा अर्थ तुम्ही काय घेतलात?

ऋतुजा_व :

डी म्हणजे डावा...

मांदेल्लोकर :

सापडलं! डी म्हणजे देस्त्रा, उजवा. एस म्हणजे सिनिस्त्रा, डावा. कार्बवर व्हीएचबी ३० सीडी आणि सीएस असं कोरलेलं असतं, वडिलांनी पुडक्यावर तेच उतरवलं असणार. आणि फ्लायव्हीलवरही तीच अक्षरं आहेत! उजव्या सिलिंडरचे पॉइंट तुम्ही 'एस'च्या रेघेवर जुळवलेत. ९० अंशांचं इंजिन, त्यामुळे ठिणगी भलत्याच वेळी पडतेय.

कार्ब अदलाबदल करा. मग उजवा प्लग काढून भोकावर बोट ठेवा, हवेचा दाब जाणवेल तो कॉम्प्रेशनचा फेरा. पिस्टन वर येताना खिडकीत 'डी' दिसला की उजवा सिलिंडर टॉपला. तिथून पॉइंट नव्याने लावा, आधी उजवा, मग 'एस'वर डावा.

सायली_ज :

मराठी माणसाने 'डी' पाहिलं की डावाच वाचणार. इटालियन माणसाला हे कसं सुचणार!

शब्दवेल्हाळ :

गाडीतलं मला काही कळत नाही, पण इथे राहवलं नाही. हे लक्षात ठेवायला सोपं आहे. देस्त्रा, लॅटिन देक्स्तेर आणि आपला दक्षिण हे एकाच मुळाचे शब्द. दक्षिण म्हणजे दिशा तसंच उजवा. दक्षिण हस्त म्हणजे उजवा हात. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येते ती दक्षिण.

आणि एस? संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडू शकतो तो सव्यसाची. सिनिस्त्राशी त्याचं नातं नाही, पण अक्षर जुळतं. तेव्हा डी दक्षिण, एस सव्य.

मांदेल्लोकर :

क्या बात है! इतकी वर्षं गुझीवर काम करतोय, हे कधी सुचलं नाही. माझ्या टूलबॉक्सच्या झाकणावर लिहून ठेवतोय.

तेलकट_हात :

फ्लायव्हीलची खिडकी उघडली की आता सव्यसाचीच आठवणार. :)

ऋतुजा_व :

काल संध्याकाळी पेटली.

कार्ब बदलले, पॉइंट दक्षिण-सव्य म्हणत लावले. बाबांची खुर्ची गॅरेजच्या दारात आणून ठेवली होती. दुसऱ्या बटणाला उजवा सिलिंडर लागला, मग काही सेकंदांनी डावा आला आणि आवाज भरला. धूर बराच झाला, जोडणीच्या वेळचं तेल जळत होतं, पाचेक मिनिटांत निवळला. बाबा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रेस दे. उजवीकडे झुकते का बघ."

मी हँडल धरून थोडी रेस दिली आणि गाडी खरंच माझ्या हातात उजवीकडे कलली. लहानपणी टाकीवर पुढे बसायचे तेव्हा सिग्नलला गाडी अशी हलायची, तो धक्का अंगाला आठवला. तेव्हा वाटायचं बाबाच मुद्दाम हलवतात.

मांदेल्लोकर :

क्रँक लांबीच्या दिशेने आहे. तो एकीकडे वेग घेतो, गाडी दुसरीकडे ढकलली जाते. झुकली म्हणजे सगळं जागेवर आहे. अभिनंदन!

डेस्मोप्रेमी :

वाचताना मीही खुर्चीत सरसावून बसलो.

रंगसंगती :

मनापासून अभिनंदन ऋतुजा. आणि टाकीचं काय ठरवलंस?

ऋतुजा_व :

रंगसंगती, तुमची चौकटीबद्दलची बाजू मी काही अंशी घेतली. खालच्या दोन्ही नळ्यांना बॅटरीच्या ॲसिडने गंज धरला होता, त्या घासून काळ्या रंगवल्या. चौकट नुसती धुतली. टाकीचा निर्णय बाबांवर सोडला. त्यांनी घासलेल्या जागेवर तळवा ठेवून जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "रंग नको. गंज मात्र धरू देऊ नकोस." संग्रहालयात धातूच्या वस्तूंना लावतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावलंय, दर दोन-तीन महिन्यांनी लावत जाईन.

रंगसंगती :

बरोबर केलंस. मेण लावायच्या आधी पत्र्यावर बोटांचे ठसे राहू देऊ नकोस, घामाने तिथूनच गंज सुरू होतो. स्पिरिटने पुसून मग लाव.

तेलकट_हात :

आता शेवटचं. निकासिलमधे रिंगा बसायला नुसतं आयडलिंग करत ठेवू नका, रस्त्यावर काढा, मध्यम वेगात चढ-उतार द्या. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर तेल आणि फिल्टर बदला, इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट परत टॉर्क करा आणि व्हॉल्व्हचा गॅप बघा. हेड बसलं की गॅप कमी होतो.

ऋतुजा_व :

नक्की. आज १४ किलोमीटर झाले, ४८६ राहिले. बाबा वहीत लिहून ठेवतायत.